नाव नको, गाव सांग

"नाव नको सांगू बाई, गाव सांग फक्त." समोर कोणीही पोरगी बसली की सर आधी हे म्हणायचे आणि पेनचं टोपण दातात धरायचे. आपल्याकडे ओळख गावापासूनच सुरू होते. तुम्हीही बसमध्ये शेजारच्याला आधी तेच विचारता.

पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात ते समाजशास्त्राचे अतिथी विद्वान होते. नाव भारदस्त, पण नोकरी दरवर्षी नव्याने मागायची. सौंसरहून बसने यायचे, ऑफिसातल्या माठातलं दोन ग्लास पाणी घटाघटा प्यायचे आणि मग वर्गावर जायचे. मी ऑफिसातला बाबू. प्रवेशाची रजिस्टरं माझ्या कपाटात. कोण कुठल्या गावचा हे मी न बघता सांगायचो आणि त्याचा मला भारी माज होता.

त्या वर्षी तपासणीची समिती येणार होती. सगळ्या जातीजमातींच्या मुलांना इथं आपलेपणा वाटतो का, यावर अहवाल हवा होता. प्राचार्यांनी ते काम सरांच्या गळ्यात टाकलं. दुसऱ्या कोणी दोन दिवसांत चार पानं खरडून दिली असती. सर महिनाभर मुलांसोबत बाकड्यावर बसले, एकेकाकडून फॉर्म भरून घेतले. मी चिडवायचो, पुन्हा पीएचडी करून राहिले का सर? ते हसायचे.

"पोरं पहिल्यांदा बोलून राहिले बाबूजी. बोलू द्या ना."

फॉर्मवर नाव नव्हतं. गाव होतं. गावावरूनही माणूस सापडतो, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, त्यांच्याही नाही.

एका फॉर्मवर लिहिलं होतं : वसतिगृहात माझा ग्लास वेगळा ठेवतात. मी माठाला हात लावला तर पाणी ओतून देतात. वॉर्डन मॅडमला सांगितलं तर म्हणाल्या, तू आपली बाटली आणत जा.

प्राचार्य तापले. हे कोणी लिहिलं, त्यांनी विचारलं. सर म्हणाले, मी शब्द दिला आहे, सांगणार नाही, आणि वर्गावर निघून गेले. मी फाईल घेऊन तिथंच उभा होतो. फॉर्मवर नजर गेली आणि मला राहवलं नाही. या गावची तर एकच आहे साहेब, मी म्हणालो, बीए पहिलं वर्ष, गोंडाची पोरगी. तिचं नाव सांगितलं, बापाचंही सांगितलं. साहेब वा म्हणाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीत निदान पलीकडून दगड येतो हे माहीत असतं. मी खुर्चीमागून फेकला.

तिसऱ्या दिवशी बापाला बोलावलं. तिच्याकडून लिहून घेतलं, की मी खोटं लिहिलं, वसतिगृहात सगळ्या बहिणीसारख्या राहतात. सर दारात आले तेव्हा तिची सही चालली होती. तिनं मान वर केली.

"सर, तुमी तं म्हटलं होतं, कोणाले मालूम नाही होणार."

एका वाक्यात मी सरांना सोडवू शकलो असतो. मी बापाच्या अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला. हलकट माणूस आहे मी, दुसरा शब्द नाही.

त्याच आठवड्यात ती पेटी घेऊन गावी गेली. सर दोनदा तिच्या गावाला जाऊन आले. ती घराबाहेर आली नाही. हे त्यांनी मलाच येऊन सांगितलं, मित्र समजून. मी म्हणालो, जाऊ द्या सर, तिकडच्या पोरी कुठं शिकतात. तिचं ते पत्र फाईलीत सर्वांत वर लावलं होतं. समितीला फार आवडलं.

पुढच्या वर्षी सरांना बोलावणं गेलं नाही. एके दुपारी अनुभवाचं प्रमाणपत्र न्यायला आले. मी कागद पुढे ओढला आणि सवयीनं विचारलं, "सर, गाव?"

त्यांचा आवाज चढला नाही.

"मले काय विचारता बाबूजी? गावं तं तुमालेच पाठ आहेत ना."

मी मान खाली घालून लिहीत बसलो. त्यांना कधी कळलं होतं, कोण जाणे. प्रमाणपत्राची घडी त्यांनी खिशात ठेवली. बाहेर ऊन रणरणत होतं, पाणी घ्या ना सर, असं मी म्हणालो. ते माठापाशी थांबले. मग पिशवीतून आपली बाटली काढली, तिथंच उभ्यानं पाणी प्यायले आणि फाटकाबाहेर गेले.