मामांच्या नावची एक ओळ

छापखान्याच्या वार्षिक अंकात मी भट्टीवाल्या मामांवर लेख लिहिला आणि विनोदाच्या भरात एक ओळ खरडली: ‘मामांचे डोळे लाल, कारण बाटलीशी दोस्ती जुनी!’ प्रूफ वाचून अख्खा छापखाना खिदळला. मामा थेंबही घेत नाहीत, डोळे वितळलेल्या शिशाच्या झळांनी लाल होतात, हे मला ठाऊक होतं. पण ओळ झकास जमली होती ना!

मामांचं काम असं: जुळवलेल्या खिळ्यांवर, म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांवर, ओला पुठ्ठा दाबायचा, वाळला की तो साचा, त्यात शिसं ओतलं की अख्ख्या पानाची एकसंध प्लेट. सुटा खिळा चुकला तर बदलता येतो. प्लेटमध्ये एकदा ओतलं ते ओतलं, मग छापा हवं तेवढं. हिलाच म्हणायचं स्टिरिओटाइप. माणसांबद्दलच्या पक्क्या समजुतींना पुढे हाच शब्द चिकटला. परीक्षेत मी हे घडाघडा लिहून मार्क मिळवले होते.

माझ्या पानाची प्लेट मामांनीच ओतली. मग मला त्यांची हाक आली.

“काय रे शहाण्या, खोकून खोकून जीव चाललाय. डॉक्टर म्हणतात, भट्टी सोडा. मालकांकडे कागदाच्या गोदामावर जागा मागितलीय, आणि तू आत्ताच बाटली काढलीस?”

मी मालकांकडे धावलो. “साहेब, मामा पीत नाहीत. ती ओळ माझ्या मनची आहे.”

“तुझ्या मनची? मी तर कधीपासून ऐकतोय! असल्याच्या हाती गोदामाची किल्ली?”

“अहो, पण ते भट्टीमुळे...”

“डोळे बघ ना त्याचे!”

मी भट्टीवर परतलो आणि मामांना सगळं सांगितलं.

मामांनी छिन्नी घेतली आणि प्लेटमधून ती ओळ खरवडून काढली. अंक छापून आला तो मधोमध पांढरा पट्टा घेऊन. मालक म्हणाले, “बघितलंस? पिऊन छिन्नी चालवली!” गोदाम गेलं त्यांच्या मेव्हण्याकडे. तो न पिताच खुर्चीत घोरतो.

मामा भट्टीवरच आहेत. परवा खोकला आवरून म्हणाले, “अंक पुन्हा छापायचाय. पट्ट्यात बसेल एवढी खरी ओळ दे, ओतून डकवतो.”

मी लिहून दिलं: ‘कष्टाळू, साधे, प्रामाणिक मामा.’

त्यांनी कागद परत केला. “हे आपण मेलेल्यांबद्दल छापतो. यात मी कुठाय?”

तेव्हापासून चार कागद फाडले. मामांची ओळ अजून देणं आहे.