तिसऱ्या गेअरमधली मोटारसायकल

त्या प्रकरणात शेवटपर्यंत आरोपी कोणीच नव्हता. तरी नोकरीतलं दुसरं कुठलंही प्रकरण माझ्या मनात इतकं घर करून राहिलेलं नाही.

मी तेव्हा तुमसर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी सिहोऱ्याकडची एक बाई ठाण्यात यायची. तिचा नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी बाजाराला म्हणून निघाला, तो मोटारसायकलसह बेपत्ता झालेला. मिसिंगची नोंद होती, तपास थंड पडला होता. गाव म्हणे, त्यानं दुसरीकडे घर केलं. जाऊ तर तोंडावर बोलायची, "कुंकू कोणासाठी लावतेस वं? तो तिकडे दुसरीले साड्या घेऊन देऊन राहिला."

बाई बाकावर बसून एकच विचारायची. "साहेब, मेला असन तर मेला म्हणा. पण मले सोडून गेला का, तेवढं सांगा."

मी तिला चहा पाजून पाठवायचो.

एका सकाळी खबऱ्याचा फोन आला. एका किराणा दुकानदाराच्या परसात चोरीची गाडी सुटी करून ठेवलीय, इंजिनचा नंबर घासलेला आहे. स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच आणि बीट हवालदाराला घेऊन गेलो.

गोणपाटावर जुन्या जमान्यातल्या गाडीचे भाग मांडले होते. टाकी नवी रंगवलेली, चाकाचे स्पोक एकेक करून चमकवलेले. दुकानदार हात पुसत उठला.

"साहेब, आपून चोर नाई. शौक आहे. दुपारी दुकान बंद राहते, तवा हेच करतो."

"नंबर काहून घासला?"

"पॉलिशच्या नादात गेला साहेब. ध्यानातच नाई आलं."

हवालदार म्हणाला, "चोराच्या बी ध्यानात येत नाई, शेठ."

गाडी कुठून आणली? नागपूरच्या जुन्या बाजारातून. कोणाकडून? विसरलो. मी घरातला पहिला बी.ए., त्याचा मला अभिमान आहे. पण खोटं ओळखायला मला पदवी नाही, ठाणं उपयोगी पडलं. खोटं बोलणारा सगळीकडे पाहतो, लपवायच्या वस्तूकडे तेवढा पाहत नाही. हा गृहस्थ बोलताना प्रत्येक भागावरून हात फिरवत होता. सीटखालची पत्र्याची पेटी मात्र पायाशी असून त्याला दिसत नव्हती.

हँडलखालचा चेसिस नंबर रंगाच्या थराआड शाबूत होता. आरटीओकडून मालकाचं नाव आलं आणि मी मिसिंगचं जुनं रजिस्टर काढलं. तो त्या बाईचा नवरा होता.

दुकानदाराला ठाण्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, "या गाडीच्या मालकाची बायको अजून वाट पाहते."

त्यानं पाणी मागितलं आणि मग सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढताना गाडी वर आली होती. गाळ ज्याच्या शेतात पडेल, त्यातून निघेल ते त्याचं, अशी तिथली रीत. पोलिसांना कळवलं तर पंचनामा होईल, मशीन थांबेल, पावसाच्या आत शेतात गाळ पडणार नाही. म्हणून सगळे गप्प. ज्याच्या गाळात ती निघाली त्या शेतकऱ्यानं ती याला दिली आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं.

"पेटीत काय होतं?"

त्यानं दुकानातून हिंगाचा डबा मागवला. आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. गाळात रुतून राहिल्यामुळे बहुतेक शाबूत.

"बायको म्हणे, कोण्या सवाशिणीच्या आहेत. घालता येत नाई अन् फेकता बी येत नाई." मग खाली पाहत म्हणाला, "साहेब, इंजिन उघडलं तवा गाडी तिसऱ्या गेअरमध्ये होती. कोणी ढकलून दिली असती तर न्यूट्रल राहिली असती. तो चालवत होता."

तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, बाजारातून त्या बाईच्या नवऱ्याच्या गावाला जायची जवळची वाट होती. तलाव आटलेला होता. शोध घेतला, हाडं मिळाली, तपासणीत ओळख पटली. घातपाताची खूण सापडली नाही.

सांगायला मी स्वतः गेलो. बाई रडली नाही.

"घराकडे येऊन राहिले होते का?"

"हो. बाजारातून. तुमच्यासाठी बांगड्या घेऊन." मी डबा पुढे केला. पंचनामा झाला होता, कोर्टाच्या परवानगीनं तो आणला होता.

तोवर शेजारच्या बायका जमल्या होत्या. रीतीप्रमाणे एक म्हातारी तिच्या हातातल्या बांगड्या फोडायला पुढे झाली. बाईनं हात मागे घेतला.

"थांबा मावशी. ह्या घडीभर घालू द्या. मंग फोडा."

माप जुन्या हाताचं होतं. वाळलेल्या मनगटावर बांगड्या थांबेनात, पंजावर घसरून येत होत्या. शेवटी जाऊ खाली बसली आणि दोन्ही हातांनी त्या तिच्या मनगटावर धरून राहिली. टोमणे मारणारी तीच जाऊ. मी बाहेर येऊन जीपजवळ उभा राहिलो. काच फुटल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

निघताना तिनं मला हात जोडले. कुंकू पुसायला लावणारी बातमी मी आणली होती आणि ती माझे उपकार मानत होती. त्यानंतर माझ्या ठाण्यात मिसिंगची तक्रार घेताना 'गेला असेल कुठे' असं कोणाला बोलू दिलं नाही. नव्या पोरांना सांगायचो, पळून जायच्या वाटा नंतर पाहा. आधी घराकडे येणारी वाट तपासा, त्या वाटेवरची विहीर, नाला, तलाव, सगळं. माणूस घरी यायलाच निघाला होता, असं धरून चला.