लहान्याची घांगळी आणि रिकामे हंडे

कासा नाक्यावरून पाड्यांकडे मी जीप चालवतो. माणसं मागे कोंबतो, पुढे कोंबतो, दोघं-तिघं पायरीवर लटकतात. त्यामुळे कोण किती बोलतो आणि त्यातलं खरं किती, हे मला ग्रामपंचायतीपेक्षा जास्त कळतं. लहान्या हा माझ्या जीपमधला सगळ्यात गप्प माणूस. उतरायचं असलं तरी तो "थांबव" म्हणायचा नाही. आपला पाडा मागे गेला की मान वळवून नुसता बघत राहायचा आणि पुढे कोणी उतरलं की त्याच्याबरोबर उतरून चालत परत यायचा. शेवटी मीच त्याचा पाडा आला की "लहान्या, उतर!" म्हणून ओरडायला लागलो.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सरपंच अजून माझ्याच जीपने जातात. पाड्याला आपण खडकपाडा म्हणू.

२०१४ साली खडकपाड्याचा हातपंप बंद पडला. बंद पडला म्हणजे दांडा हलायचा, आवाज यायचा, पाणी तेवढं यायचं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टींसारखंच. बायका खाली नदीवर जायला लागल्या. लहान्याची बायको काळी एक दिवस शेवाळलेल्या दगडावरून घसरली आणि हंड्यासकट आपटली. मीच तिला कासाच्या दवाखान्यात नेलं. प्लास्टर झालं, हाड बसलं, पण मनगट जरा वाकडंच राहिलं. परत येताना लहान्या खिडकीबाहेर बघत रडत होता, तेही आवाज न करता. काळी मात्र त्याला म्हणाली, "रडू नको. सभेत जाऊन सांग. एवढा पंप बोल, बाकी काय नको."

लहान्या सभेत गेला. उभा राहिला. घसा खाकरला. समोर सरपंच चिमणभाऊ, त्यांच्या बाजूला ग्रामसेवक नविनसाहेब, हातात पेन घेऊन. लहान्याची दातखीळच बसली. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग "बसा" म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. सभा संपताना वाचून दाखवलं, "खडकपाड्याची काहीही तक्रार नाही." यावर टाळ्याही वाजल्या.

हा राग मला अजून आहे. माणूस भीतीने गप्प बसला, तर तो सुखी आहे असं धरून चालायचं, ही कुठली रीत?

आता या लहान्याला आवाज कुठून मिळाला, ते सांगतो. पाड्यात नारू भगत होता, नात्याने लहान्याचा काका. तो घांगळी वाजवायचा. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, एक लांब बांबू, दोन्ही टोकांना पोकळ वाळके भोपळे, वर तारा. नवं धान्य घरात आलं की भगत ती मांडीवर घेऊन कणसरीचं गाणं गातो. कणसरी म्हणजे धान्याची देवी. लहान्या त्याच्या मागे बसून तारा लावायला मदत करायचा. म्हातारपणी नारूची बोटं आखडली, तेव्हा त्याने घांगळी लहान्याच्या मांडीवर ठेवली.

"वाजव. आन् गा पण."

"माना नाय येत, काका."

"आवाज कसा येतो ते बघू नको. बोटां बघ. बोटां कामाला लागली का तोंडाचा भेव जातो."

लहान्याने बोटं कामाला लावली. पहिल्या वर्षी तो भोपळ्यात तोंड घालून गायचा. खरंच सांगतो, त्याचं गाणं फक्त भोपळ्याला ऐकू जायचं. लोक विचारायचे, "गातोय का झोपलाय?" दुसऱ्या वर्षी हनुवटी वर आली आणि शेजारी बसलेल्याला ऐकू यायला लागलं. २०१६ च्या भाताला मी स्वतः त्याच्या अंगणात होतो. तेव्हा त्याचं तोंड भोपळ्यापासून चांगलं वीतभर वर होतं आणि आवाज पाड्याच्या टोकापर्यंत जात होता. तो आवाज गोड नव्हता. थोडा खरखरीत, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. पण अंगावर काटा आला माझ्या. हाच तो "थांबव" न म्हणणारा!

मात्र घांगळी खाली ठेवली की पुन्हा मिठाची गुळणी. मग त्याने साधा उपाय काढला, घांगळी खालीच ठेवायची नाही. माझ्या जीपमध्ये दोन सवाऱ्यांची जागा खाऊन ती बसायला लागली. उतरायचं ठिकाण आलं की एक तार छेडायची आणि गाण्यातच "थांबव रे" म्हणायचं. कासाच्या बाजारात सुके बोंबील घेतानाही तोच प्रकार. डहाणूहून येणारी सुषमा मासेवाली त्याला म्हणाली, "गा बापा, पोटभर गा. भाव तोच राहील."

आता गाण्याची एक रीत आहे, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. घांगळीवर गाताना भगत आधी नावं घेतो. धरतरी, कणसरी, हिरवा देव, विवळवेढ्याच्या डोंगरावरची महालक्ष्मी. एकेकाला हाक मारून बोलावतो. ज्याचं नाव घेतलं, त्याने यायचंच. त्याच्यासाठी पाट मांडून ठेवतात. नाव घेतलेला आला नाही, तर पुन्हा हाक मारायची. कंटाळायचं नाही.

२०१७ च्या एका सभेला लहान्या घांगळी घेऊन आला. आधी नारूला विचारून आला होता. देवाचं वाद्य पंपासाठी वाजवलं तर चालेल का? नारूने विचार केला आणि म्हणाला, "पाण्याबिगर कणसरी तरी कथून येल? वाजव."

लहान्या मांडी घालून बसला. तार वाजली. देव झाले, डोंगर झाले, आणि मग त्याने गायलं, "या हो या, चिमण सरपंच, पाट मांडला, या. या हो या, नविन साहेब, पाट मांडला, या. पाण्याचे पियुष साहेब, तुम्ही बी या."

काय सांगू तुम्हाला! साहेब लोक खुलले. महालक्ष्मीच्या मागोमाग आपलं नाव! चिमणभाऊंनी टोपी नीट केली. नविनसाहेबांनी मोबाइल काढून स्वतःच्या नावापासून पुढचं चित्रण केलं. पंपाचं काम बघणारे पियुष साहेब नुकतेच नोकरीला लागलेले, ते तर लाजले. पुढे गाण्यात पंप आला, शेवाळलेला दगड आला, काळीचं मनगट आलं. पण तोवर सगळे चित्रण कुणाकुणाला पाठवायचं या गडबडीत होते. सरपंच उठून म्हणाले, "वा! लहान्याने आपल्या सर्वांचा गौरव केला. पंपाचं बघून घेऊ."

खडकपाड्यात मात्र लोकांनी सरळ अर्थ घेतला. नाव घेतलंय, म्हणजे येणार. काळीने अंगण सारवलं, पंपाजवळ पाट मांडले. प्रत्येक साहेबासाठी वेगळा पाट, आणि त्यावर कोंबडी बसू नये म्हणून राखणीला म्हातारी गंगी. भात कापून झालं तरी पाट तसेच. मी रोज तिथून जीप नेताना बघायचो. हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

पुढच्या सभेत लहान्या पुन्हा बसला. "या हो या, नविन साहेब, पाट वाळवीनं खाल्ला, या." त्याच्या पुढच्या सभेत, "या हो या, पियुष साहेब, गंगी म्हातारी दमली, या." आता कोणी मोबाइल काढेना. देवांच्या रांगेत बसायची हौस फिटली होती. प्रत्येक वेळी सगळ्या गावासमोर "आला नाही, आला नाही" ऐकायचं म्हणजे काय? आणि लहान्याला ओरडताही येईना, कारण तो मान देऊनच बोलावत होता.

मोठ्या खुर्चीवरच्या माणसाला एखाद्याला गप्प करायचं असलं की तो दटावत नाही. तो सत्कार करतो.

२०१८ साली डहाणूला कुठलासा सांस्कृतिक महोत्सव झाला. पंचायतीने लहान्याचं नाव पाठवलं. मीच घेऊन गेलो. मंचावर त्याला तीन मिनिटं दिली. निवेदिका त्याआधी भरपूर वेळ सांगत होती की ही कला लोप पावत आहे. लहान्या मागे उभा राहून तिचं संपायची वाट बघत होता. देवांची नावं अर्ध्यावर आली आणि घंटा वाजली. मग शाल, नारळ आणि फोटो. फोटोसाठी नविनसाहेबांनी प्रेमाने घांगळी त्याच्या हातातून काढून घेतली आणि माइकवरून विचारलं, "हा अमूल्य ठेवा आपण पंचायतीच्या कार्यालयात काचेच्या कपाटात जतन करू. लहान्याभाऊ, चालेल ना?"

हात रिकामे. समोर माणसंच माणसं. लहान्याने तोंड उघडलं, मिटलं.

"मौन म्हणजे होकार," साहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या.

परतीच्या वाटेवर तो जीपमध्ये मांडीवर शाल घेऊन बसला होता आणि शालीवर बोटं हलवत होता. त्याचा पाडा आला, मागे गेला, तो काही बोलला नाही. मीही विसरलो होतो, इतक्या वर्षांत सवय सुटली होती. बऱ्याच पुढे गेल्यावर लक्षात आलं आणि मी जीप वळवली. त्या दिवशी मला त्याच्यापेक्षा जास्त रडू आलं, सांगायला लाज कसली?

नवी घांगळी करायची तर भोपळा वेलीवर पिकावा लागतो, वाळावा लागतो. लहान्याने बी लावलं. तोवर पंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली, "ग्रामसभेत कोणतेही वाद्य आणण्यास व वाजवण्यास सक्त मनाई आहे." लोप पावणाऱ्या कलेचं जतन असं दोन्ही बाजूंनी पक्कं झालं.

त्याच थंडीत आपल्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धक्का बसला की कपाटातल्या घांगळीच्या तारा आपोआप गुणगुणायच्या आणि पंचायतीचा शिपाई लडक्या खुर्ची टाकून पळायचा. तो शपथेवर सांगायचा की ती साहेबांचीच नावं घेते.

धक्क्यांच्या भीतीने २०१९ च्या जानेवारीतली ग्रामसभा बाहेर मैदानात भरली. या वेळी पियुष साहेबही हजर होते. खडकपाड्याच्या बायका आल्या त्या थेट नदीच्या वाटेवरून, डोक्यावर रिकामे हंडे. सभा लांबली की पाणी भरायला उशीर होतो, म्हणून हंडे सोबतच. हंडे पुढ्यात ठेवून त्या बसल्या.

लहान्या उभा राहिला. घसा खाकरला. २०१४ सारखाच. नविनसाहेबांनी घड्याळ बघितलं. मी मागे जीपला टेकून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, नुसतं "पंप" एवढं तरी म्हण. त्याची बोटं चड्डीच्या शिवणीवर तार शोधत होती. साहेबांचा हात "बसा" म्हणायला वर झाला.

आणि काळीने आपल्या वाकड्या मनगटाने हंड्यावर टिचकी मारली. टण्ण. घांगळीची पहिली तार वाजते, त्याच लयीत. बाजूच्या रूपीने मारली. मग रखमीने. बांगड्या, अंगठ्या, बोटं. सगळ्या बायकांना ती लय पाठ होती, इतकी वर्षं अंगणात बसून ऐकली होती.

लहान्याने डोळे मिटले. हनुवटी वर गेली. "या गं या, धरतरी..."

हातात काही नव्हतं. दोन्ही हात मोकळे, आणि आवाज मैदानाच्या पार, हायवेच्या ट्रकांवरून पलीकडे गेला. देवांची नावं झाली. डोंगर झाले. मग तो डोळे उघडून, सरळ समोर बघून गायला, "या हो या, पियुष साहेब." हे त्याने याआधी कधी केलं नव्हतं. गाताना त्याची नजर कायम तारांवर असायची.

नविनसाहेब ताडकन उठले. "बंद करा! सूचना वाचली नाही का? सभेत वाद्य आणायला मनाई आहे!"

काळी बसल्या जागेवरून म्हणाली, "साहेब, वाद्य कुठं हाय? हंडा हाय. भरून द्या. मंग नाय वाजणार."

मग मागून कोणीतरी हसलं आणि सगळं मैदान हसायला लागलं. सरपंच टोपी काढून तिच्यात बघत बसले. पियुष साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. पण पोरगा मुळात वाईट नव्हता, फक्त साहेब झाला होता. तो उठला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "तुमची जीप मोकळी आहे का? पंप बघून येऊ."

खडकपाड्यात गंगी म्हातारी अजून राखणीलाच होती. तिने साहेबांना पाटावर बसवलं. पाटाचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला, साहेब तसेच तिरपे बसले आणि पंपाचा दांडा हलवून बघितला. खालचा एक वायसर गेला होता, बस. नवा दुसऱ्या दिवशी आला.

पंपाला पाणी लागलं, तेव्हा काळीने पहिला हंडा लावला. पाणी काठोकाठ आलं आणि वरून सांडलं. तिने भरल्या हंड्यावर टिचकी मारून बघितली. हंडा मुका झाला होता. लहान्या शेजारी उभा होता, हात तसेच मोकळे सोडून, आणि गात होता.