नकाशावरच्या सहा फुल्या

आर्लिसकाकांनी बेचाळीस वसंत एकाच रानात टर्कीची, म्हणजे मोठ्या रानकोंबड्यासारख्या पाखराची, शिकार केली. रान त्यांचं नव्हतं, शेजारच्या हॅस्केलांचं होतं. परवानगी म्हणजे दर मार्चमध्ये वॉनेटाकाकूंनी भाजलेला अक्रोडाचा केक आणि दारात उभ्या उभ्या हातात हात. म्हातारे हॅस्केल गेले, मुलांनी जमीन विकली, आणि या जानेवारीत नव्या मालकाने हद्दीवरच्या झाडांना जांभळे पट्टे ओढले. आमच्या मिझूरीत जांभळा पट्टा दिसला की पुढे पाऊल टाकायचं नाही. काका ते पट्टे बघून माघारी आले.

काका आणि मी एकाच लाकूड गिरणीत. ओकचे ओंडके चिरून पिंपांच्या फळ्या करायच्या. काका मोठ्या करवतीवर, एक्केचाळीस वर्षं. मी यंत्रांची वायरिंग आणि सेन्सर बघते. कानांवरचे गार्ड काकांनी कधी चढवले नाहीत. "पातं बोथट झालं की आधी त्याचा आवाज बदलतो, पोरी. तुझे सेन्सर मागाहून बोंबलतात." अलीकडे मात्र सेन्सरच आधी बोंबलायला लागले होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

फेब्रुवारीत एकदा जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुला नकाशे कळतात म्हणे."

"कळतात की. का?"

"सरकारी जंगलात जायचंय. दोन तासांवर, दक्षिणेला. तिथलं एक झाडसुद्धा माझ्या ओळखीचं नाही."

समोर बसलेला ड्वेन सँडविच चावत म्हणाला, "अहो, तिथे टर्कीपेक्षा शिकारी जास्त! तुमची लाल मान बघून कुणीतरी टर्की समजून तुम्हालाच उडवेल."

"तुझ्या तोंडावरच उडवली असती एक," काका म्हणाले, "पण काडतूस वाया जाईल."

मी तीन संध्याकाळी बसून नकाशा केला. उंचीच्या रेषा, ओकचे उतार, ओढे, दोन वर्षांपूर्वी जळून आता कोवळं गवत आलेले पट्टे, गाडी लावायच्या जागा. काका बोट ठेवून एकेक जागा तपासायचे. "रस्त्याला इतकं लागून नको. नर डोंगराच्या उंच धारेवर झोपतो. खाली पाणी आहे का? मग राहू दे." सहा जागा उरल्या.

हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो. तोवर काका दर शनिवारी एका जागी जाणार होते. उजाडायच्या आत धारेवर उभं राहायचं आणि घुबडासारखी हाळी द्यायची. झाडावर बसलेला नर घुबडावर चिडतो आणि गडगडून उत्तर देतोच. उत्तर आलं तर नकाशावर गोल, नाही तर फुली. मादीचा आवाज काढायची लाकडी डबी मात्र घरीच ठेवायची. हंगामाआधी फसलेला नर पुन्हा फसत नाही.

पाच शनिवार गेले. पाच फुल्या.

दर सोमवारी ते नकाशा माझ्यापुढे पसरायचे. "मेलेलं जंगल." पाचव्या सोमवारी घडी घालताना म्हणाले, "यंदा घरी बसायचं बहुतेक. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा." मला वाटलं, माझाच नकाशा चुकला. म्हणून सहाव्या जागी मी बरोबर गेले.

धारेवर थंडी होती. पूर्वेला जरा फटफटलं तशी काकांनी ओंजळ तोंडाशी नेली आणि हाळी दिली. इतकी खरी, की माझ्या मानेवर काटा आला. ती संपते न संपते तोच खालच्या ओकवरून नर गडगडला. शंभर पावलांवर असेल. त्याला पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं. मी हसत काकांकडे वळले.

काका कानामागे तळवा धरून उभे होते. तोंड किंचित उघडं. पहिला पुन्हा गडगडला. काका तसेच उभे. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

"काही नाही," ते म्हणाले. "चल."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, एकटीच तिसऱ्या फुलीवर गेले. मला घुबडाची हाळी येत नाही. पण कुठल्याही दणक्याला नर उत्तर देतो, म्हणून गाडीचं दार आपटलं. तीन नर गडगडले.

तिथून थेट काकांच्या घरी. काकू भांडी पुसत होत्या.

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"चार वर्षं झाली, किटलीची शिट्टी त्यांना ऐकू येत नाही," काकू हळू म्हणाल्या. "मी म्हणायचे, रानात ऐकू येतं ना, मग ठीक आहे. रिकाम्या हाताने कधी आले नाहीत, गं."

काका पाठमोरे, टेबलाशी बंदूक पुसत बसले होते. मी समोर जाऊन बसले आणि सांगितलं. दोन जागी मी स्वतः नर ऐकलेत, बाकी चार ठिकाणी गेले नाही.

"असणारच," ते म्हणाले. "जागा चांगल्या होत्या."

"मी येते ना बरोबर. गडगडला की तुमच्या खांद्यावर हात ठेवीन, दिशा दाखवीन."

"मग शिकार कुणाची?"

काकूंनी खण उघडून कानाचं यंत्र पुढे केलं. काकांनी ते बोटानं बाजूला सारलं. "त्यात सगळं सगळीकडून येतं. पाखरू कुठे आहे तेच कळत नाही." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "हॅस्केलांच्या रानात कुठला नर कुठल्या फांदीवर झोपतो ते पायांना ठाऊक होतं. मला वाटायचं, मी ऐकतोय."

उठताना त्यांनी नकाशा माझ्या हातात दिला, आणि वर ती लाकडी डबी. "ठेव. पण हंगामाआधी वाजवू नकोस."

हंगाम उघडला त्या सोमवारी मी गिरणीत गेले तेव्हा नकाशा आणि डबी माझ्या खणातच होती. या दिवशी काकांची सुट्टी ठरलेली. साहेब विचारतसुद्धा नसत. पण भोंगा झाला तेव्हा काका करवतीशी उभे होते.

"काय हो, आज इकडे कसे?" ड्वेन मागून ओरडला. "टर्कीनं रजा नामंजूर केली की काय?"

काका वळले नाहीत. त्यांनी खुंटीवरचं कान-गार्डचं पाकीट काढलं. प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं. ते दातांनी फाडून त्यांनी गार्ड कानांवर नीट बसवले आणि पहिला ओंडका पात्याकडे ओढला.