रिजेक्शन मामांची झांज

लग्नाच्या पंगतीत पानात जिलबी पडली की रिजेक्शन मामा ती आधी उजेडाकडे धरून फिरवून बघत. वाढपी पुढे सरकायचा थांबे. मग "वेढा एक कमी आहे" असे जाहीर करून मामा ती खाऊन टाकत. म्हणजे माल परत जात नसे, पण नोंद होत असे. चाकणच्या कारखान्यात तीस वर्षे मालाची तपासणी केलेल्या माणसाकडून कौतुकाची अपेक्षा करणे हा अडाणीपणा आहे. मामांकडे सगळ्या जगासाठी दोनच शब्द होते, 'ओके' आणि 'रिजेक्ट'. त्यातला पहिला फारसा वापरात नसल्यामुळे अजून नवा कोरा होता.

आमच्याकडे ट्रकचे ब्रेक ड्रम ओतले जात. बिडाचा तो मोठ्या पातेल्याएवढा जड तुकडा साखळीला टांगायचा, लहान हातोडीने टोला द्यायचा आणि ऐकायचे. देवळातल्या घंटेसारखा घणघणला तर ओके. तडकलेल्या मडक्यासारखा भद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे. याला आम्ही 'नाद घेणे' म्हणत असू. पुढे त्यासाठी यंत्र आले. यंत्राने पास केलेल्या ड्रमवर मामा पुन्हा हातोडी मारत आणि म्हणत, "यंत्राला कान आहे, नाद नाही." व्यवस्थापनाला हे वाक्य समजले नाही, त्यामुळे त्यांनी ते मान्य केले.

मी उदगीरकडच्या एका खेड्यातून आलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पहिल्या दिवशी प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून मोठ्या अभिमानाने मामांपुढे ठेवले. त्यांनी तेही उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "शिक्का ओके आहे." तेव्हापासून माझे नाव 'पदवीधर' पडले, आणि ते हाक मारताना त्यांच्या आवाजात जो आदर असे तो मला कुठल्याही शत्रूकडूनसुद्धा नको आहे. दुसऱ्या आठवड्यात मी तेरा ड्रम मापात बसत नाहीत म्हणून एका दमात बाद केले. मामांनी विचारले, "गेज तपासलं?" गेज म्हणजे माप घ्यायचे साधन. मी म्हणालो, "गेज कशाला? ड्रम चुकलेत." मामांनी कपाटातून मास्टर काढला. मास्टर म्हणजे ज्याचे माप पक्के ठाऊक आहे असा तुकडा. माझे गेज मास्टरवरही बसेना.

"आधी गेज, मग पीस," मामा म्हणाले. "मापणारा चुकला असेल तर मापलेल्याला शिव्या घालू नयेत. चार वर्षांत हे शिकवलं नाही का रे, पदवीधर?"

नव्हते शिकवले. विद्यापीठाला मी आजही माफ केलेले नाही.

मामांचा दुसरा नाद रॉक संगीताचा. हा माणूस खेड तालुक्यातला, राजगुरुनगरहून रोज एसटीने येणारा, कपाळाला अष्टगंध लावणारा. त्याला हा आजार कारखान्यातच झाला. तरुणपणी भट्टी बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. जाताना तो मामांना एक कॅसेट देऊन गेला. कॅसेटच्या डबीतल्या घडीच्या कागदावर गाणी छापलेली होती. त्या कागदावरून मामा इंग्रजी शिकले. त्यामुळे त्यांचे इंग्रजी व्याकरणशुद्ध नसले तरी भावपूर्ण होते. एकदा परदेशी तपासनिसाने अहवालाला उशीर का झाला असे विचारले. मामांनी दिलेल्या उत्तराचा अर्थ साधारण 'वारा मला नदीपलीकडे घेऊन गेला होता' असा निघत होता. तपासनिसाने तेही नोंदवून घेतले.

त्या कॅसेटवरच्या गायकाचे नाव मी सांगत नाही. सांगितले तर तुम्हीही वादात पडाल. आमच्या मंडळींत त्यांना 'थोरले' म्हणत. थोरले आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत, पण दर वर्षी निरोपाचा दौरा काढतात. मूळ पाच वादकांपैकी दोघे वारले, एक कोर्टात भांडतो आहे, एकाने मेंढ्या पाळल्या आहेत. उरले थोरले. तरी पाटीवर नाव तेच आहे, जसे आपल्याकडे मूळ मालक जाऊन दोन पिढ्या झाल्या तरी 'मूळ मालकाची भेळ' असते.

थोरल्यांच्या इकडच्या भक्तांची बैठक मोशीला बापूंच्या मंगल कार्यालयात भरे. बापू तिथले जुने शेतकरी. शेतात कारखाने उगवले, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी कार्यालय बांधले आणि वरातीसाठी घेतलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरवर थोरले ऐकायला सुरुवात केली. बैठक अर्थातच मुहूर्त नसलेल्या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर. पंचांग बघून रॉक संगीत ऐकणारी दहा-बारा माणसे जगात आणखी कुठे असतील तर मला कळवा. नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्यांवर मामा आणि बापू बसत, आम्ही खाली वऱ्हाडासारखे.

वादाचा विषय ठरलेला, थोरल्यांनी दौऱ्यात कोणते गाणे कितव्या क्रमांकावर घेतले. मामांचे सर्वांत आवडते गाणे आम्ही 'पुलाचं गाणं' म्हणत असू, कारण त्याचे इंग्रजी नाव पूर्ण म्हणेपर्यंत चहा गार होई. त्याच्या सुरुवातीला दीड मिनिट फक्त झांज वाजते, हळू, दूरवरून कोणी यावे तशी. मग बाकीची वाद्ये. तीस वर्षे हे गाणे शेवटी असायचे. या दौऱ्यात ते दुसरे आले.

"क्रम बदलला की पीस बाद," मामा म्हणाले. "आधी रंग आणि मग भट्टी, असं कुठं असतं का?"

"मामा, म्हाताऱ्याला आता धाप लागती," बापू म्हणाले. "दम हाय तवर अवघड गाणं उरकून घेतो, राव. तुमी न्हाई का जिना चढायचं काम सकाळीच उरकत?"

"मी जिना चढतो तेव्हा लोक तिकीट काढून येत नाहीत."

यावर तीन रविवार गेले. देशापुढचे इतर प्रश्न तोवर थांबले होते.

मग ड्रमर बदलला. थोरल्यांनी सव्वीस वर्षांची एक मुलगी आणून बसवली. आमच्या धंद्यात माणूस, यंत्र, माल किंवा पद्धत यांतले काहीही बदलले तर गिऱ्हाइकाला आधी लेखी कळवावे लागते. थोरल्यांनी मोशीला काहीच कळवले नाही. "गिऱ्हाईक आम्ही नाही तर कोण?" असे म्हणत मामांनी पहिल्या कार्यक्रमाचे चित्रण ऐकले आणि बैठकीच्या मोबाइल ग्रुपवर रीतसर अहवाल टाकला. 'दोष: झांज वाजत नाही. पूर्ण कार्यक्रमात एकदाही नाही. निर्णय: रिजेक्ट.'

बापूंनी उलट लिहिले, 'मामा, पोरगी झांज फोडती नुसती. कान धुवा.'

एकाने मामांना बाई नको आहे असा टोमणा मारला. मामांना ते फार लागले. "बाई असो, बुवा असो. मला झांज पाहिजे," ते मला कँटीनमध्ये म्हणाले. हा अहवाल इंग्रजी करून थोरल्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायचे काम त्यांनी मला दिले. मी केले. ती मुलगी झांज अतिशय सुरेख वाजवत होती, हे मला ऐकू येत होते. पण ज्याने मला ऐकायला शिकवले त्याला 'तुम्ही चुकताय' म्हणायचे धैर्य पदवीबरोबर मिळत नाही. सहाव्या कार्यक्रमापर्यंत सगळे अहवाल मीच भाषांतरित केले. तिच्या कार्यक्रमाच्या प्रत्येक चित्रणाखाली चाकणहून एक तक्रार लटकलेली असे.

पुढच्या बिनमुहूर्ताच्या रविवारी बापू लबाडीच्या तयारीत होते. "परवाचा ताजा शो हाय. पोरगीच हाय. मामा, वही काढा." त्यांनी स्पीकर लावले. नुसतीच वाद्ये, गाणे नाही. मामांनी डोळे मिटले, सात-आठ मिनिटे ऐकले आणि वहीत लिहिले. "ढोल ओके. झांज नाही. रिजेक्ट."

बापू टाळी वाजवत उठले. "मामा, ही पोरगी न्हाई! ह्यो तुमचा जुना ड्रमर हाय, मेलेला! पस्तीस वर्सांपूर्वीचं, कॅसेटवर कधी न आलेलं! घ्या, देवच रिजेक्ट केला की वो!"

सगळे कार्यालय हसले. मीही हसलो, आणि हसता हसता थांबलो, कारण मामा हसत नव्हते, चिडतही नव्हते. ते वहीकडे बघत होते. बापूंचे हसू मावळले. "मामा, गंमत केली, राव," ते म्हणाले. मामांनी मान हलवली आणि उठले.

बाहेर हात धुण्याच्या नळांपाशी त्यांनी मला गाठले.

"तुला ऐकू येत होती?"

"हो, मामा."

"मधूनमधून?"

"नाही. सगळा वेळ."

ते नळ उघडून पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरी जुनी कॅसेट लावतो तेव्हा मला झांज येते रे. स्वच्छ येते."

त्यांचे त्यांनाच कळायला वेळ लागला नाही. घरची कॅसेट पाठ होती. तिथली झांज ते कानांनी नव्हे, आठवणीने ऐकत होते. हे वादन आठवणीत नव्हते, म्हणून ते उघडे पडले. तीस वर्षे भट्टी आणि घासकामाच्या गोंगाटात उभे राहून वरचे बारीक आवाज केव्हाच निघून गेले होते.

"आणि कंपनीची दर वर्षीची कान तपासणी?" मी विचारले.

"खोलीच्या काचेतून आवाज सोडणाऱ्या पोराचा हात दिसतो," मामा म्हणाले. "त्यानं कळ दाबली की मी बटण दाबतो. कानानं नाही, डोळ्यानं पास होतोय मी. चार वर्षं झाली. थोडंसं कमी आहे एवढंच वाटायचं. लाइनवरनं काढून रेकॉर्ड रूमला बसवतील म्हणून गप्प होतो."

ज्यांनी जिलबीला सूट दिली नाही त्यांनी स्वतःला चार वर्षे दिली होती. मी म्हणालो, "बापू कुणाला सांगणार नाहीत. निवृत्तीला दीडच वर्ष राहिलंय."

मामांनी नळ बंद केला. "पदवीधर, मी झांज सोडली तर कोण मरत नाही. ड्रम सोडला तर?"

सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी त्यांनी स्वतः पास केलेला सगळा माल थांबवला. गेटवर भरून उभ्या असलेल्या गाडीतलाही उतरवला. कारणाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. व्यवस्थापक धावत आले. "मामा, डोकं ठिकाणावर आहे का? गाडी लागलीय!" मामा म्हणाले, "डोकं आहे, साहेब. कान नाही." दोन दिवस आम्ही दोघे प्रत्येक ड्रमला टोला देत बसलो. एकामागून एक घणघणत होते. मला वाटू लागले की मामा उगीच घाबरले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी एक ड्रम वाजला, आणि माझा हात थांबला. आवाज किंचित बसका होता. मामा माझ्या कानाकडे नाही, तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली. त्यांनी त्यावर लाल चिठ्ठी बांधली, अगदी सावकाश, बाळाच्या मनगटात दोरा बांधावा तशी.

त्या संध्याकाळी ग्रुपवर संदेश आला. 'सर्व अहवाल मागे. पीस ओके. गेज बाद.' बापूंनी त्यावर अंगठासुद्धा दाखवला नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी मामांना स्वतःच्या हाताने चहा आणून दिला, आणि बापू कोणाला चहा आणून देत नाहीत.

त्या मुलीची माफी मागायचे मामांनी स्वतः ठरवले. या वेळी भाषांतर नको, म्हणाले. झांजेला इंग्रजीत सिंबल म्हणतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी स्वतः लिहिले, 'सिस्टर, युअर सिंबल इज ओके. माय इअर इज रिजेक्ट. सॉरी फ्रॉम चाकण.' उत्तर आले नाही. तिला बहुधा ती एखाद्या गाण्याची ओळ वाटली असावी.

मामांना रेकॉर्ड रूम मिळाली. तिथे त्यांनी दीड वर्षात सर्व फायलींच्या पाठीवरची अक्षरे सरळ रेषेत नाहीत असे सिद्ध केले आणि निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात नारळ हातात देताच त्यांनी तो हलवून कानाशी नेला, मग आठवले, आणि माझ्यापुढे धरला. मी हलवला. "पाणी आहे," मी म्हणालो. ते म्हणाले, "ओके." हा माझ्या वाट्याला आलेला पहिला ओके.

हातोडी आता माझ्याकडे आहे. दर सहा महिन्यांनी मी कान तपासून घेतो, डोळे मिटून. थोरल्यांनी आणखी एक निरोपाचा दौरा काढला आहे. पुलाचे गाणे पुन्हा शेवटी गेले आहे, त्यामुळे बापू नाराज आहेत. नवे चित्रण आले की रविवारी सकाळी राजगुरुनगरहून फोन येतो. मामा नमस्कार वगैरे करत नाहीत.

"कान कधी तपासलास?"

मी तारीख मोठ्याने सांगतो. गेज पटले की पुढचा प्रश्न येतो.

"झांज?"

"ओके, मामा. सगळा वेळ."

"किती जोरात सुरू होते?"

हे कसे सांगणार? मी फोनवर नखाने टिकटिक करून दाखवू लागतो. हे त्यांना ऐकू जात नाही, हे मला ठाऊक आहे. थोड्या वेळाने पलीकडूनही टिकटिक सुरू होते, हळू, दूरवरून कोणी यावे तशी. दीड मिनिट. ताल कुठेच चुकत नाही.