उघड्या मातीतली तेलबी

"नुसतं पाणी वतून काय व्हणार, ऑर्लाकाकू? हे तेलबीचं झुडूप पाण्यावर जगत न्हाई."

"मग कशावर जगतं? तुझ्या बडबडीवर?"

"दुसऱ्या झाडाच्या मुळावर," होयट म्हणाला. हा गडी जन्मभर डोंगरातनं औषधी मुळ्या उपटून विकणारा. "तेलबी लई आयतोबा. जिमिनीखालनं शेजाऱ्याचं चोखतंय. तुझ्या घरामागं त्याला मेपल व्हता. हितं थडग्यावर काय हाय? तू घासून ठेवलेली लाल माती."

ऑर्लाने झारी खाली ठेवली. तिचा नवरा व्हर्लिन जाऊन दोन वर्षं झाली होती. या डोंगरात थडग्यावर गवताची काडीही उगवू देत नाहीत. काडी दिसली की लोक म्हणतात, याच्या मागं रडणारं कुणी उरलं नाही. म्हणून ती दर शनिवारी खोरं घेऊन गवत खरवडायला यायची. मार्चात घरामागचं तेलबीचं झुडूप तिने इथे आणून लावलं. जेवण झालं की व्हर्लिन त्याच्याच सावलीला पडायचा. आता त्याची पानं पिवळी पडत चालली होती.

"व्हर्लिनच्या उशाशी मेपलचं रोप उगवलंय बघ. ते छाटू नगंस. गवताच्या चार काड्या बी राहू दे."

"लोक म्हणतील, व्हर्लिनला कुणी न्हाई."

"तू हायस की."

"मी एकलीच तर हाय."

त्या शनिवारी तिने रोप आणि गवत तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्षाच्या रिवाजाप्रमाणे सगळं गाव थडगी साफ करायला, फुलं वाहायला जमलं. नणंद झेल्मा खोरं घेऊनच आली.

"वैनी, माझ्या भावाच्या उशाला रान माजवलंस? हात मोडलं का तुझं?"

तिने खोरं उगारलं तशी ऑर्लाने रोपापुढे पाय रोवला.

"घाल. आधी माझ्या पायावर घाल."

झेल्माने खोरं खाली घेतलं. "उद्या लोक तोंडात शेण घालतील, तवा माझ्याकडं येऊ नगंस."

"आजवर मी कवा आले?"

दुपारी तिथंच सगळ्यांना मक्याची भाकरी नि घेवडा वाढला, तेव्हा ऑर्लाच्या बाकड्यावर कुणी बसलं नाही. ती सावकाश जेवली, ताट पुसून घेतलं. तेलबीचं मूळ मेपलच्या मुळाला कधी गाठणार, तोवर झुडूप तग धरणार का, हे होयटलाही सांगता आलं नव्हतं.

घरी येऊन तिने चांगला झगा खुंटीला अडकवला आणि बटाट्याच्या सरींना माती लावायला घेतली.