मापाचे कागद

तिला सगळे कात्री म्हणत. धंदा शिवणकामाचा म्हणून म्हणत असतील, असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू द्या. ज्यांनी एकदा तिच्याशी भांडण काढलं होतं त्यांना खरं कारण ठाऊक होतं. बाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरचा आपलं म्हणणं काय होतं तेच विसरून जाई. नवरा तर लग्नाच्या पहिल्या वर्षातच वाद घालायचा थांबला होता. त्याला वर्तमानपत्र होतं, रेडिओ होता, त्याचं बरं चाललं होतं.

पण शिवण! तिथे बोट ठेवायला जागा नाही. दुकानातला तयार कपडा ज्या अंगांना कधी बसतच नाही अशी माणसं तिच्याकडे येत. कुणाला कुबड, कुणाचा एक हात आखूड, कुणाची पाठ लहानपणीच्या दुखण्याने वाकलेली. कात्री त्यांना उभं करी, त्यांच्यावरच खेकसत माप घेई आणि जाड खाकी कागदावर त्या अंगाचा कपडा आखून कापून ठेवी. मग दरवेळी त्यात सुधारणा, इथे चिमूटभर कमी, तिथे बोटभर जास्त. ते कागद म्हणजे तिची सगळी हयात होती.

सुरुवात घरातच झाली होती. धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगलाच उतरलेला. बिचारी सदानकदा शाल ओढून बसायची. एके दुपारी कात्रीने ती शाल हिसकली आणि म्हणाली, "उभी राहा नीट. रडायचं नंतर रड, आधी माप घेऊ दे." जो कपडा शिवून दिला तो घालून धाकटी आरशासमोरून हलेना. तिचाच तो पहिला कागद. आभार मानायचं काही तिला सुचलं नाही, आणि कात्रीने ते आयुष्यभर लक्षात ठेवलं.

आता एक गोष्ट, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. गेल्या वर्षापासून कात्रीला धड दिसत नव्हतं. नजरेच्या मधोमध एक मळकट डाग येऊन बसला होता. आजूबाजूचं सगळं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच गायब. डॉक्टरकडे ती एकटीच गेली. तो म्हणाला, आहे तेवढं सांभाळू, गेलेलं परत येणार नाही. तिने त्यालाही चार शब्द सुनावले आणि घरी येऊन बाजारात गेले होते म्हणून सांगितलं. नवा कागद आखणं आता तिच्याने होत नव्हतं. पेन्सिलची रेघ त्या डागात बुडून जाई. पण जुने कागद होते ना! जाड कागदाची कड बोटांना कळते. कापडावर कागद टाचायचा, कडेकडेने बोट फिरवत खडू ओढायचा, की झालं. पुढची शिवण हातांना पाठच होती. कागद आहेत तोवर काम आहे, आणि काम आहे तोवर आपल्याला कुणी कोपऱ्यात बसवून जेवायला वाढणार नाही, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

आणि तेच कागद घर बदलताना गेले.

घर विकलं ते दोन बिऱ्हाडांचं पटेना म्हणून. भाऊ गप्प बसत आणि जावा त्यांच्या वाटचंही भांडत. धाकटीला मशीनचा आवाज खपत नव्हता, जिन्यात चिंध्या खपत नव्हत्या. कात्रीला धाकटीचं श्वास घेणंही खपत नव्हतं. शेवटी शहराच्या दोन टोकांना दोन घरं घेतली आणि सामान हलवायला एकच पॅकर्सवाला ठरवला. एकाच ट्रकमध्ये दोन्ही बिऱ्हाडं, आधी मोठीचं सामान उतरवायचं, मग धाकटीचं.

त्या दिवशी सकाळीच धाकटी म्हणाली, "ती रद्दी तरी आता टाका, जाऊबाई. नव्या घरात झुरळं न्यायचीत का?"

"झुरळांना तुझ्याकडेच पाठवते. ओळखीचं घर त्यांना बरं पडेल."

कागदांची गुंडाळी कात्रीने सुतळीने बांधली आणि दाराशी उभी केली. ट्रकवाल्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. निघताना ती स्वतःच्या हातात घेऊन जाणार होती. तेवढ्यात खालून धाडकन आवाज आला. तिच्या मशीनचा पाय ट्रकच्या फळीवर आपटला होता. झालं! बाई तरातरा खाली उतरल्या आणि ज्याच्या हातून मशीन निसटलं त्याचा असा काही उद्धार केला की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. तो हात जोडून उभा राहिला तरी हिचं संपेना. सगळं मनासारखं बोलून झाल्यावर ती वर आली, तर घर मोकळं. दाराशी काही नाही. गेली असेल ट्रकमध्ये, असं म्हणून तिने कुलूप लावलं.

नव्या घरात तिने एकूण एक खोकं उघडलं. गाद्या उसवायच्या तेवढ्या राहिल्या. नवरा म्हणाला, "सापडेल." ती म्हणाली, "तुम्हाला कधी काय सापडलंय?"

टेबलावर काळ्या कापडाचा तुकडा वाट बघत होता. एक वकीलबाई होती, वाकलेल्या पाठीची. ती आता न्यायाधीश होणार होती आणि तिला त्या पहिल्या दिवसासाठी कोट हवा होता. कापड देताना म्हणाली होती, "मावशी, तुमच्या कोटात मी खुर्चीत बसले की लोक माझं तोंड बघतात, पाठ नाही." काळ्या कापडावर तर कात्रीला काहीच दिसत नव्हतं. वकीलबाईचा कागद मिळाला नाही तर कोट नाही, आणि हा कोट नाही म्हणजे यापुढे कुणाचाच नाही. ही भीती पोटात होती, म्हणून तोंडाला जास्तच धार आली होती.

पॅकर्सच्या ऑफिसात मॅनेजर टाय लावून बसला होता.

"काय हरवलंय, बाई?"

"कागद."

"घराची कागदपत्रं?"

"मापाचे कागद. खाकी. गुंडाळी होती."

"म्हणजे कोरे कागद?"

"तुझं डोकं कोरं! माझी सगळी कमाई आहे ती."

"बाई, कागद कोण चोरणार?" असं म्हणून तो हसला. हसायला नको होतं. दारात उभी असलेली दोन गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरली, इतकं ती बोलली. पण बोलून कागद येत नाहीत. मॅनेजरने फक्त एवढंच कबूल केलं की ट्रकवरचा मुकादम बाहेरगावी सामान घेऊन गेलाय, आला की विचारतो.

ती घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला. धाकटी.

"जाऊबाई, ऐका ना, माझ्या त्या काचेच्या बश्या मी आज काढल्या, तर..."

"बश्या गेल्या खड्ड्यात! माझे कागद कुठेत?"

"अहो, तेच तर..."

"तेच म्हणजे? मला माहीतच होतं! पहिल्यापासून डोळा होता तुझा त्यांच्यावर. रद्दी म्हणत होतीस ना? चोर! माझ्या हातचं घालून माणसांत बसायला शिकलीस आणि माझ्याच पोटावर पाय दिलास. वाकड्या अंगाची तशीच वाकड्या मनाची. चोर आहेस तू, चोर!"

कात्रीने फोन आदळला. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाला, "व्यंगावरून बोलायला नको होतं." बऱ्याच वर्षांनी त्याने तिला उलटून काही सुनावलं होतं, म्हणून ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्ही वाचा."

मुकादम आला तेव्हा ती ऑफिसात जाऊन त्याच्या समोरच उभी राहिली. साधा माणूस, लपवाछपवी काही केली नाही त्याने.

"दाराशी खाकी गुंडाळी ना? आमच्या बांधायच्या कागदाची गुंडाळीही तिथंच उभी होती, बाई. शेवटी काचसामान बांधायला आमचा कागद संपला. पोरांनी ती उघडली. आत सगळे कापलेले तुकडे. म्हटलं, रद्दी आहे, बाईंनी आम्हालाच ठेवलीय."

"विचारायचं नाही?"

"विचारायला माणूस पाठवला होता खाली. तुम्ही भांडत होतात. तो घाबरून परत आला."



"कुणाचं काचसामान?" तिने विचारलं.

"धाकट्या बाईंचं. त्या बश्या."

ती तशीच बसने धाकटीच्या घरी निघाली. धाकटीने फोन कशासाठी केला होता ते आता आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि तिला तर निम्मं दिसतच होतं. माफी मागायची तिला सवय नव्हती. शब्द जुळवत ती जिना चढली. चुकलं माझं, असं सरळ म्हणून टाकायचं आणि कागद घ्यायचे. मेलं, त्यात काय!

धाकटीने दार उघडलं. आत या म्हणाली नाही. कात्री आपली आपणच आत गेली. टेबलावर काचेच्या बश्या चकचकीत पुसून रचलेल्या होत्या.

"कागद तुझ्याकडेत," कात्री म्हणाली. "मुकादमाने सांगितलं. माझं... त्या दिवशी मी जरा..."

"होते."

"होते म्हणजे?"

"फाडले," धाकटी म्हणाली. "इथेच खाली बसून फाडले, एकेक करून. बश्या सोडवताना मीच ते हाताने सरळ करून ठेवले होते, आणि तुम्हाला सांगायला फोन केला होता. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? चोर म्हणालात. वाकडी म्हणालात. लग्न होऊन आले त्या दिवसापासून सासूबाई मला जे म्हणाल्या नाहीत ते तुम्ही म्हणालात. मग म्हटलं, नाव मिळालंच आहे, काम तरी करून टाकू. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी घेऊन गेली."

कात्री टेबलाशी खुर्चीत बसली. नेहमीची असती तर तिने त्या बश्या एकेक करून भिंतीवर फोडल्या असत्या.

"एवढं तोंड पाडायला काय झालं?" धाकटीचा आवाज चढला. "काढा की नवीन! तुमचीच विद्या आहे. गिऱ्हाइकं काय मेली नाहीत, बोलवा आणि घ्या मापं. करा थोडे कष्ट! बोला ना आता! फोनवर बरं बोलता येत होतं?"

कात्रीने नुसतं ऐकून घेतलं असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे धाकटीलाच कसंतरी झालं. ती आत गेली आणि एक घडी केलेला खाकी कागद आणून टेबलावर उलगडून टाकला.

"हा तेवढा ठेवला. हा माझा होता."

कात्रीने हात पुढे केला. तो कागदाच्या बाजूला, नुसत्या टेबलावर पडला. मग चाचपत कागदावर आला. बोट कडेवरून सरकलं, मानेपासून खाली, उतरत्या डाव्या खांद्यावरून. मान मात्र तिने भलतीकडेच वळवली होती, खिडकीकडे.

"जाऊबाई, इकडे बघा."

"बघतेय."

"नाही बघत. माझ्याकडे बघा." धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "केव्हापासून?"

"तुझ्या बापाचं काय जातंय?"

"अहो, मग आधी सांगायचं नाही? मी ते कागद..." तिने कपाळाला हात लावला. "वकीलबाईंचा होता त्यात. पाठीच्या वळणावरून मी ओळखला होता. तो मी आधी फाडला."

खाली रस्त्यावर कुणाचातरी ट्रक मागे घेत होते आणि एक माणूस, येऊ द्या, येऊ द्या, असं ओरडत होता.

कात्रीने कागदाची पुन्हा होती तशी घडी घातली. काळं कापड वकीलबाईला परत द्यावं लागणार, तिच्या तोंडावर सांगावं लागणार, हे तिने गिळलं. मग म्हणाली, "कापड आण."

"कसलं कापड?"

"कसलंही. तुझ्या अंगावर घालायचं. आता सगळ्या जगात मी जिचं शिवू शकते अशी तू एकटीच उरलीस." तिने कागद छातीशी धरला. "जा, आण. आणि रडू नकोस माझ्यासमोर, मला ते दिसत नसलं तरी ऐकू येतं."

धाकटी आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग एक दाबलेला हुंदका, आणि कात्रीने कागद उलगडून टेबलावर सरळ केला.